बातमी शिळी झाली, तरी सांगायची का?

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र सिडकोत राहतो. कॉमिक्स, गेम आणि विज्ञानपटांच्या बातम्यांचा मराठी पॉडकास्ट करतो. रेकॉर्डिंगला रविवारच मिळतो. तोवर लोकांनी मोबाइलवर सगळं पाहिलेलं असतं. शिवाय चौघे एकदम बोलतो, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. बातम्या सोडून नुसत्या गप्पा माराव्यात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही! गप्पा मारणारे ढीगभर आहेत, या विषयाच्या बातम्या मराठीत निवडून-पाखडून सांगणारे फार थोडे. आम्ही मैत्रिणी गंगापूर रोडला हेच करतो, म्हणून कळकळीने सांगते.

पहिलं कोण सांगतं, या शर्यतीत उतरूच नका. ऐकणाऱ्याला हवं असतं ते खरं-खोटं. जीटीए ६ या व्हिडिओ गेमचंच घ्या. तो बाजारात येण्यासाठी आधी २०२५ साल जाहीर झालं, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. या तारखा कंपनीने स्वतः दिलेल्या. ‘आतल्या गोटातून’ आलेल्या बाकीच्या सगळ्या अफवा. आमच्याकडे बातमी जिने आणली तिने ती मुळात कोणी दिली हेही सांगायचं. सांगता आलं नाही, तर कितीही चटकदार असो, ती अफवा म्हणूनच वाचली जाते.

आणि आपल्या माणसांच्या बातम्या कोण देणार? २० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले, तेव्हा आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवलं. २०२१ चं साहित्य संमेलन नाशिकला झालं, त्याचे अध्यक्ष तेच. आमच्यातल्या दोघी त्यांच्या कथा वाचूनच या नादाला लागल्या. असा भाग महिन्याने ऐकला तरी शिळा लागत नाही.

आवाजाचं म्हणाल, तर मध्ये एकच फोन ठेवू नका. पंखा बंद करा आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवर, तोंडापासून वीतभर अंतरावर रेकॉर्ड करा. सुरुवातीला एकाने जोरात टाळी वाजवायची. ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चारही फाइली एकाखाली एक घेतल्या की टाळीचं उंच टोक प्रत्येकीत दिसतं. ती टोकं एका रेषेत आणली की आवाज जुळतात. मग कोण मध्येच बोलला, त्याचा आवाज तेवढ्यापुरता खाली घेता येतो.

बाकी, बातमी ज्याची त्याला आधी पूर्ण सांगू द्या. आणि ज्याने तो गेम खेळलेलाच नाही, त्याला पहिला प्रश्न विचारू द्या. ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तोच विचारायचा असतो.