उंदरांनी कुरतडलेले वायरिंग घरी जोडताना

प्रश्न : आमची डिझेल पिकअप पावसामुळे बारा दिवस कांद्याच्या चाळीशेजारच्या शेडमध्ये उभी होती. त्यानंतर सुरू केली, तेव्हा इंजिन अडखळू लागले, गाडी वेग घेईना आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला. बॉनेट उघडल्यावर लेंड्या, कांद्याची साले आणि कुरतडलेल्या वायरी दिसल्या. पाच वायरी पूर्ण तुटल्या आहेत आणि काहींचे केवळ आवरण गेले आहे. गॅरेजमध्ये पूर्ण हार्नेस (वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) बदलावे लागेल असे सांगतात. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचे काम मला जमते. हे काम घरी करता येईल का?
— एक शेतकरी वाचक, निफाड तालुका

उत्तर : करता येईल. पाच वायरींसाठी पूर्ण हार्नेस बदलण्याची गरज सहसा नसते. मात्र वायर कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) अगदी तोंडाशी तुटली असेल, पिना वाकल्या किंवा गंजल्या असतील, एअरबॅगची पिवळ्या आवरणातली वायर किंवा एबीएस ब्रेकची वायर कुरतडली गेली असेल, तर तेवढे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडेच द्या. रबरी डिझेल नळ्यांवरही दातांच्या खुणा शोधा आणि खूण दिसल्यास नळी बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. गाडीचा विमा सर्वसमावेशक असेल, तर काहीही हलवण्यापूर्वी फोटो काढून उंदरांचे नुकसान त्यात धरले आहे का हे कंपनीला विचारा. एकदा वायरी जोडल्यावर पाहणी करणाऱ्याला दाखवायला काही उरत नाही.

उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून हातात रबरी मोजे आणि तोंडाला मास्क लावूनच सफाई करावी. लेंड्या आणि घरट्याचा कचरा झाडूने किंवा हवेच्या झोताने उडवू नका. जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून कागदाने उचला आणि ते पाणी कपलरमध्ये जाऊ देऊ नका. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहणे फार जणांच्या ध्यानात राहत नाही, पण उंदीर तिथेही घरटे करतात. सायलेन्सरच्या पाइपाजवळ अडकलेला सुका कचरा तर पेट घेऊ शकतो, तो शोधून काढा.

नंतर चावी काढून काही मिनिटे थांबा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होते. परत जोडताना निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडावी.

आता हार्नेसवरची टेप तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना वीतभर उलगडा, कारण उंदराने कुरतडलेली दुसरी जागा बरेचदा टेपखालीच लपलेली असते. वायरीचा मूळ रंग आणि तिच्यावरची पट्टी पाहून जोड्या लावा. दोन वायरी सारख्याच रंगाच्या निघाल्या, तर कपलर काढून मल्टिमीटरच्या बीपने कोणते टोक कोणत्या पिनेकडे जाते ते तपासा. मल्टिमीटरची जाड सुई पिनेच्या भोकात खुपसू नका. पीन फाकते आणि नवाच दोष तयार होतो. एक वायर पूर्ण जोडून झाल्यावरच दुसरीला हात लावा.

जोड कसा द्यावा, यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण उंदराने केलेल्या नुकसानापेक्षा घाईने दिलेल्या जोडाने नंतर झालेले नुकसान मी जास्त पाहिले आहे. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत आपल्या हाताला सवयीची आहे, पण इंजिनाच्या उष्णतेने त्या टेपचा डिंक वितळतो, थरथरीने पीळ सैल होतो आणि पावसाचे पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून आत चढून तांबे हिरवे पडते. शिवाय यातल्या बहुतेक वायरी सेन्सरच्या असतात. सेन्सर साधारण 5 व्होल्टवर चालतो आणि त्यातल्या लहानशा फरकावरून इंजिनाचा संगणक तापमान किंवा दाब ठरवतो, त्यामुळे खराब जोड असला की त्याला चुकीचा आकडा मिळतो आणि इंजिन पुन्हा अडखळू लागते.

म्हणून तांब्याची क्रिम्प नळी (दोन्ही टोके आत घालून दाबून बसवायची छोटी नळी) वापरा आणि ती साध्या पकडीने न चेपता क्रिम्पिंगच्या अवजाराने दाबा. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) बसवा. ही स्लीव्ह जोड देण्यापूर्वीच वायरीवर सरकवून ठेवावी लागते. हे विसरले की केलेला जोड पुन्हा कापावा लागतो. सोल्डरिंग चालते, पण कथील जिथे संपते तिथे तार कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते, म्हणून अशा जोडाला दोन्ही बाजूंनी आधार हवा. सगळे जोड एकाच जागी आले तर जाड गाठ होते. ते तीन-चार सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. तुकडा जोडावा लागला, तर तो त्याच जाडीच्या, गाडीसाठी बनवलेल्या वायरीचाच असावा, कारण घरगुती वायरीचे आवरण इंजिनाजवळच्या उष्णतेसाठी बनवलेले नसते. ज्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत, त्यांचा पीळ जोडानंतरही तसाच ठेवा. त्या गाडीतल्या संगणकांमध्ये संदेश नेणाऱ्या असल्या, तर बॅटरी सुटी असताना दोघींमध्ये साधारण 60 ओहम रोध दिसायला हवा.

आवरण गेलेल्या वायरीतली एकही तार तुटलेली नसेल आणि तांबे लख्ख असेल, तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून गुंडाळणे पुरते. तारा तुटल्या असतील, तर वायर कापून नीट जोड द्या.

शेवटी हार्नेसवर कापडी टेप लावून त्यावर चिरलेली नालीदार नळी चढवा आणि ती सायलेन्सर व इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यांपासून दूर बांधा. फ्यूज उडालेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज घातल्यास वायर जळेल. बॅटरी जोडून इंजिन सुरू करा आणि त्यानंतर इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका, कारण तिथे 12 व्होल्टपेक्षा पुष्कळ जास्त विजेचा दाब असतो. पिवळा दिवा तरीही राहिला, तर स्कॅनर लावून आधी संगणकातली दोषाची नोंद वाचून घ्या आणि मगच ती पुसायला सांगा. न वाचता पुसली, तर उरलेला दोष कुठे आहे ते कळणार नाही.

प्रश्न : बॉनेटखाली डांबरगोळ्या किंवा तंबाखूची पाने ठेवल्याने उंदीर येत नाहीत का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : वास असतो तोवर थोडाफार उपयोग होत असेल, पण इंजिनाच्या उष्णतेत तो लवकर उडतो. डांबरगोळ्यांची वाफ केबिनमध्येही येते, म्हणून मी त्या सुचवत नाही. विष घातल्यास उंदीर हार्नेसमागे मरून कुजतो आणि विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर तेही मरू शकते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तो काही ना काही कुरतडणारच; त्याला आपल्या बॉनेटखाली अंधार आणि ऊब मिळू नये, एवढे आपण करू शकतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर बंद शेडमध्ये रात्री बॉनेट उघडे ठेवून वर दिवा लावा. धान्य, पेंड आणि कांदा गाडीपासून लांब ठेवा, शेजारी पिंजरे लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी इंजिन सुरू करून आत पाहा. खालच्या मोकळ्या जागांना 6 मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची लोखंडी जाळी बसवता येते, मात्र रेडिएटरसमोरची हवा अडवू नका.