हँडिकॅपला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: समावेशक शिक्षणाच्या (अपंग मुलांना इतरांसोबत एकाच वर्गात शिकवण्याच्या) अभ्यासक्रमात इम्पेअरमेंट, डिसॅबिलिटी आणि हँडिकॅप या तीन वेगळ्या संज्ञा शिकवतात, पण मराठी नोट्समध्ये तिन्हींना कधी अपंगत्व, तर कधी विकलांगता म्हटलेलं असतं. मग हा फरक मराठीत सांगायचा कसा?

मराठीत तो फार सहज सांगता येतो, फक्त नामांआधी वाक्यांकडे बघायला हवं. 'तिच्या कानात दोष आहे.' 'तिला हळू बोललेलं ऐकू येत नाही.' 'बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात, त्यामुळे तिचा धडा बुडतो.' पहिल्या वाक्यात गोष्ट कानात आहे, तो झाला इम्पेअरमेंट. दुसऱ्यात ती मुलीच्या करण्या-न करण्याची आहे, ती डिसॅबिलिटी. तिसऱ्यात कानाचा उल्लेखसुद्धा नाही. तिथे धडा बुडतो तो शिकवण्याच्या रीतीमुळे, आणि तोच हँडिकॅप. बाईंनी वर्गाकडे वळून, ओठ दिसतील असं बोलायला सुरुवात केली, तर कान तसाच राहूनही तिसरं वाक्य बदलू लागतं. शिक्षकाच्या हातात सर्वांत जास्त असतं ते हेच वाक्य.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली एका वर्गीकरणात ही त्रयी मांडली. पहिल्या दोन संज्ञांना क्षती आणि अक्षमता हे शब्द चांगले आहेत. तिसरीला अपंगत्व म्हणणं मला मुळीच पटत नाही. विकलांग, व्यंग, दिव्यांग या सगळ्यांत 'अंग' बसलेलं आहे, अपंगमध्येही ते ऐकू येतंच. म्हणजे जी गोष्ट शरीराबाहेर आहे असं सांगायचं, तीच आपण शब्दाने पुन्हा मुलाच्या अंगाला चिकटवतो. माझी पसंती 'अडसर'ला आहे. अडसर दाराला असतो, आत येऊ पाहणाऱ्याला नसतो, आणि ज्याने घातला त्याला तो काढताही येतो.

हँडिकॅपची व्युत्पत्ती भीक मागायला पुढे केलेल्या टोपीशी जोडतात, ती चुकीची आहे. हे मुळात सतराव्या शतकातल्या वस्तूंच्या अदलाबदलीच्या एका इंग्रजी खेळाचं नाव. पैज टोपीत ठेवायची, हात टोपीत घालून बाहेर काढायचा आणि सौदा मान्य की अमान्य ते त्यावरून ठरायचं. तिथून शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून सरस घोड्यावर जास्त वजन लादायचे, त्याला हँडिकॅप म्हणत. माणसांच्या अपंगत्वासाठी तो विसाव्या शतकात रुळला. शर्यतीतल्या अर्थातही ओझं बाहेरून लादलेलंच होतं, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

एका ठिकाणी मात्र अभ्यासकही अडखळतात. ब्रिटनमधल्या अपंगांच्या चळवळीने १९७६ साली दोनच पायऱ्या मानल्या: शरीरातला तो इम्पेअरमेंट आणि समाजाने घातलेली बंधनं ती डिसॅबिलिटी. म्हणजे १९८०च्या वर्गीकरणातला हँडिकॅप इथे जवळजवळ डिसॅबिलिटीच्या जागी येतो. वाचताना लेखक कोणत्या परंपरेतला आहे हे आधी पाहा, नाहीतर 'अक्षमता समाज निर्माण करतो' हे वाक्य कोड्यात टाकेल. पुढे २००१च्या नव्या वर्गीकरणात आरोग्य संघटनेनेच हँडिकॅप हा शब्द सोडला आणि त्या जागी सहभागावरची बंधनं अशी भाषा आली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६चा करारही क्षती आणि अडथळे यांच्या परस्परसंबंधाबद्दल बोलतो.

तेव्हा उत्तरपत्रिकेत हँडिकॅप लिहाल तर सोबत १९८० हे सालही लिहा. मुलांबद्दल बोलताना 'हँडिकॅप्ड मूल' टाळा, 'तिला ऐकू येत नाही' एवढं पुरतं. आणि खुणांची भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे, अशा कित्येक कर्णबधिरांना 'क्षती' हा शब्दही मान्य नसतो. ते स्वतःला एक भाषिक समाज मानतात. अशा विद्यार्थ्याबद्दल लिहिताना शब्द त्यालाच विचारून घ्यावा.