एकच जॉब की चाळीस? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे तीन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कातकामाची मशीन) आहेत. महिन्याला चाळीसेक प्रकारचे छोटे लॉट निघतात आणि निम्मा वेळ सेटिंगमध्येच, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करण्यातच जातो. आता एक ग्राहक 25 मिमी बोअरचे (आतल्या भोकाचे) 20,000 बुश (नळीसारखे पार्ट) दर महिन्याला मागतोय. तिन्ही मशीन त्यालाच द्यावीत का? (भोसरी)

उत्तर : मोह पडणं साहजिक आहे. जॉबचा सायकल टाइम (एक नग कापायला लागणारा वेळ) 3 मिनिटं आणि सेटिंग 90 मिनिटांचं धरलं, तर 50 नगांच्या लॉटमध्ये एक नग 4.8 मिनिटांना पडतो आणि 1,000 च्या लॉटमध्ये 3.09 ला. फायदा म्हणतात तो एवढाच, पण तो खरा आहे.

आता क्षमता बघा. आठ तासांच्या पाळीतून चहा-जेवण, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलणं आणि मोजमाप यांची 70 मिनिटं वजा केली की 136 नग निघतात. दोन पाळ्या आणि 25 दिवस धरले तर एका मशीनवर 6,800. म्हणजे 20,000 साठी तिन्ही मशीन जाणार आणि तुमचे बाकीचे ग्राहक शेजारच्या शेडमध्ये. उद्या ड्रॉइंग बदललं किंवा शेड्यूल निम्म्यावर आलं, तर हप्ते मात्र पूर्णच भरायचे.

आमचं मत : एकच मशीन द्या, 6,000 नगांचं शेड्यूल घ्या. सगळा माल एकाकडून घेणं ग्राहकालाही परवडत नाही. 1 फेब्रुवारी 1997 ला जपानमध्ये आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हसाठी टोयोटा जवळजवळ पूर्णपणे याच कारखान्यावर अवलंबून होती, त्यामुळे तिच्या असेंब्ली लाइन काही दिवस थांबल्या. बोलणीत हे जरूर सांगा.

उरलेल्या दोन मशीनचं सेटिंग कमी करा. पुढच्या जॉबची टूल्स होल्डरमध्ये लावणं, जॉ (जॉब पकडणारे जबडे) आणि गेज (माप तपासायची साधनं) काढून ठेवणं, प्रोग्राम तपासणं ही कामं मशीन चालू असतानाच उरकता येतात. सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाने कापून घेतलेले मऊ जबडे) नंबर टाकून जपा; मात्र पुन्हा बसवल्यावर हलका कट मारावाच लागतो, नाहीतर रनआउट येतो, म्हणजे जॉब मध्यावर न फिरता डगमगतो. थांबलेल्या मशीनवर 25 मिनिटांचंच काम उरलं, तर 50 चा लॉटही 3.5 मिनिटांना पडतो. एका पार्टचे तज्ज्ञ होण्यापेक्षा 20 ते 40 मिमीच्या बुश-कुटुंबाचे तज्ज्ञ व्हा. तेच जॉ, तेच बोअरिंग बार आणि ग्राहक पाच.

एकच जॉब सतत चालला की चूकही सतत चालते. बोअर 25 एच7 (एच7 म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची खूण) असेल तर मर्यादा 25.000 ते 25.021 मिमी. इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातो. नेमका गो प्लग गेजही (बोअरमध्ये शिरला तर बोअर पास, असा तपासणीचा दांडा) वापराने झिजून लहान होतो आणि तो लहान बोअर पास करतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, म्हणून शॉपमध्ये काहीच कळत नाही. ग्राहकाकडे शाफ्ट अडकतो आणि अख्खा लॉट डेबिट नोटसह (पैसे कापल्याच्या कागदासह) परत येतो. दर 30 नगांनंतर डायल बोअर गेजने मोजून ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती) द्या आणि प्लग गेजचं कॅलिब्रेशन चुकवू नका.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी करा. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. ग्राहक एकच असताना ‘90 दिवसांनी बघू’ हे वाक्य फार महाग पडतं.

प्रश्न : असेंब्ली लाइनवर एकाच जागी आठ तास स्क्रू लावतो. मनगट दुखतं. सुपरवायझर म्हणतात, जागा बदलली की उत्पादन पडतं. (चाकण)

उत्तर : पहिले काही दिवस पडतं, हे खरं. पण माणसं टिकली नाहीत तर त्याहून जास्त पडतं. 1913 मध्ये फोर्डच्या सरकत्या लाइनवर कामगार इतक्या झपाट्याने सोडून जात होते की गळती वर्षाला 370 टक्क्यांवर गेली. जानेवारी 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर जाहीर करावे लागले. दर दोन तासांनी शेजारच्या दोन जागांशी अदलाबदल मागा, पण मनगटावर तसाच ताण देणाऱ्या जागेशी नको. एक जण रजेवर गेला तरी लाइन चालते, हा मुद्दा सुपरवायझरला लवकर पटेल. दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : बारा यंत्रमाग आहेत. सायझिंगवाल्याकडे (ताण्याच्या सुताला खळ लावून देणाऱ्याकडे) बीमसाठी, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळासाठी थांबावं लागतं. स्वतःचं सायझिंग टाकावं का? (इचलकरंजी)

उत्तर : नको. मिनिटाला 150 पिकांचा (आडव्या धाग्यांचा) माग इंचाला 52 पिकांच्या कापडावर 80 टक्के चालला, तर 24 तासांत साधारण 84 मीटर निघतं. बारा मागांचं हजार मीटर. मिनिटाला 50 मीटर चालणारं सायझिंग तेवढा ताणा 20 मिनिटांत काढतं. उरलेला दिवस बॉयलरला नुसतं जळण घालत बसणार का?

थांबण्यावर उपाय म्हणजे दर चार मागांमागे एक भरलेला बीम शिल्लक ठेवणं. खरी डोकेदुखी दोषाची असते. ताण्याचे तार तुटू लागले की सायझिंगवाला सुताकडे बोट दाखवतो आणि सूतवाला सायझिंगकडे. म्हणून प्रत्येक लॉटचा सुताचा एक कोन (सूत गुंडाळलेली शंकूसारखी गुंडी) बाजूला काढून ठेवा आणि बीमच्या चिठ्ठीवर तारीख, काउंट (सुताची जाडी), तारांची संख्या व सूत लॉट नंबर लिहून घ्या. तार चिकटत असतील तर वाळवण कमी पडली असण्याची शक्यता जास्त. कडक होऊन तुटत असतील तर जास्त वाळलंय किंवा मागाच्या खात्यात ओलावा कमी आहे. तुटलेली टोकं फेकू नका, चिठ्ठीसोबत पाकिटात घालून सायझिंगवाल्यासमोर ठेवा.