वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातील केदारकंठा आणि कडक बर्फाची वाट

प्रश्न : आम्ही नाशिकचे सहा मित्र कॉलेजपासून सह्याद्रीत भटकत आहोत. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग हे ट्रेक आम्ही एकत्र केले आहेत. डिसेंबरच्या अखेरीस उत्तराखंडमधील केदारकंठ्याला जायचे ठरले आहे; पण बर्फावर आमच्यापैकी कोणीच चाललेले नाही. सह्याद्रीतला सराव तेथे पुरेल का? घसरू नये म्हणून काय करावे? वाट मळलेली असते, त्यामुळे वाटाड्याची गरज नाही, असे आमच्यातील दोघांचे म्हणणे आहे.

उत्तर : सह्याद्रीने तुम्हाला दम दिला आहे, ओझे घेऊन तासन्‌तास चालण्याची सवय दिली आहे आणि अरुंद धारेवरही डोके शांत ठेवायला शिकवले आहे. या तिन्ही गोष्टी केदारकंठ्यावर उपयोगी पडतील. पाय टाकण्याची रीत मात्र तुम्हाला नव्याने शिकावी लागेल, कारण कोरड्या कातळावर आपण बुटाच्या तळव्यावर विसंबतो, तर कडक बर्फावर त्याच तळव्याला पकड मिळत नाही आणि तोल गेल्यावर हाताला धरायला कारवीचे झुडूपही नसते.

प्रथम उंचीचा अंदाज घ्या. ज्या सांकरी गावातून चढाई सुरू होते, ते सुमारे ६,४०० फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या ५,४०० फुटांच्या माथ्यापेक्षा हे पायथ्याचे गावच हजार फूट उंच आहे. केदारकंठ्याचा माथा सुमारे १२,५०० फुटांवर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते हे लक्षात घेतले, तर सांकरीत अंगणात उभे राहून जी थंडी वाटेल, त्याहून माथ्यावरची थंडी सुमारे बारा अंशांनी अधिक असेल, आणि वाऱ्याचा कडाका त्यात मिळवायचा तो वेगळाच.

आता मळलेल्या वाटेबद्दल. सह्याद्रीत मळलेली वाट म्हणजे खात्रीची वाट, हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. बर्फात मात्र हा हिशेब उलटा होतो. ताज्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो, दमछाक होते, पण सहसा घसरायला होत नाही. तोच बर्फ शेकडो पायांखाली दबला, दुपारच्या उन्हात वरवर वितळला आणि रात्री पुन्हा गोठला, की काचेसारखा गुळगुळीत होतो. नाताळ ते नववर्ष या दिवसांत केदारकंठ्यावर सर्वाधिक गर्दी असते, म्हणून तेव्हाच ही वाट सर्वांत निसरडी सापडण्याची शक्यता असते. तुमच्या तारखा बदलता येत असतील, तर त्या अवश्य बदलाव्यात असे मला मनापासून वाटते. शिवाय पश्चिमी झंझावातामुळे, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, एका रात्रीत नवा बर्फ पडला, तर मळलेली वाट सकाळी दिसेनाशी होते. कोणत्या उतारावरून जायचे आणि कोणता टाळायचा, हे त्या वेळी सांकरीच्या परिसरातील माणसालाच कळते. हिमस्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि असे उतार नवख्या डोळ्यांना चालण्याजोगे वाटतात. हा सगळा भाग गोविंद पशुविहाराच्या संरक्षित क्षेत्रात असल्यामुळे वनविभागाचे परवानेही लागतात. तेव्हा वाटाड्याशिवाय जाण्याचा विचार सोडून द्यावा, एवढेच मी तुमच्या त्या दोन मित्रांना सांगेन.

घसरण टाळण्यासाठी मायक्रोस्पाइक्स लागतात. बुटावर ताणून बसवायच्या रबरी पट्ट्याला साखळ्या आणि सुमारे एक सेंटिमीटरचे पोलादी दात असतात. सांकरीत ते भाड्याने मिळतात, पण दात बोथट झालेले नाहीत आणि रबर चिरलेले नाही, हे घेतानाच पाहावे. आणि पहिल्यांदा ते अंधारात, गारठलेल्या बोटांनी चढवण्याची वेळ येऊ नये म्हणून गावातच दोन-तीनदा चढवून, उतरवून पाहावेत. ते घातल्यावर पाऊल सपाट टाकावे, म्हणजे सर्व दात एकाच वेळी बर्फात रुततात. चवड्यावर किंवा बुटाच्या कडेवर भार दिला, तर निम्मी पकड वाया जाते. पावले आखूड ठेवावीत आणि दोन्ही पायांत थोडे अंतर राखावे, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटीत अडकतात. दातांत बर्फाचे गोळे साचले, तर काठीने झटकून काढावेत.

उतरताना अधिक सावध राहावे लागते, कारण तोवर पाय थकलेले असतात, माथा गाठल्याच्या आनंदात लक्ष सैल पडलेले असते आणि शरीराचा भार नैसर्गिकपणेच पुढे झुकतो. मऊ बर्फात टाच रोवून उतरावे, कडक बर्फात सपाट पाऊल टाकून गुडघे किंचित वाकवावेत. अनेक गट माथ्यावरून बसून घसरत खाली येतात. मायक्रोस्पाइक्स पायांत असताना हे कधीही करू नये. दात बर्फात अडकला की शरीर पुढे जाते, पाय मागे राहतो आणि घोटा मोडतो. खाली उतार सपाट होत जातो आणि मध्ये खडक किंवा झाड नाही, हे वाटाड्याने स्वतः पाहिले असेल, तरच स्पाइक्स काढून घसरावे.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या गटातील एका मैत्रिणीचे बेस कॅम्पवर डोके दुखत होते. इतरांचा माथा हुकेल म्हणून तिने ते कोणालाच सांगितले नाही आणि वर जाताना तिला उलट्या झाल्या. या वर्षी असे होऊ नये म्हणून गटाने काय ठरवावे? (पुण्याच्या एका वाचक भगिनी)

उत्तर : तुमची मैत्रीण चुकली असे मी म्हणणार नाही. जिवलग मित्रांमध्ये दुसऱ्याचा हिरमोड करू नये ही भावना फार प्रबळ असते आणि उंचीवर हीच भावना घातक ठरते. म्हणून आजार सांगण्याची जबाबदारी एकट्या आजारी व्यक्तीवर न टाकता गटाने विचारण्याची पद्धत ठेवावी. रोज संध्याकाळी वाटाड्याने किंवा गटप्रमुखाने प्रत्येकाला बाजूला घेऊन डोकेदुखी, मळमळ, भूक आणि झोप यांविषयी विचारावे. सर्वांसमोर विचारले तर "मी ठीक आहे" हेच उत्तर येते.

केदारकंठ्यावर पहिला मुक्काम बहुधा जुडा का तालाब येथे, सुमारे ९,१०० फुटांवर, आणि दुसरा ११,००० फुटांच्या वर असतो. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून दहा हजार फुटांपुढे झोपण्याची उंची दिवसाला सुमारे १,६०० फुटांपेक्षा अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे येथील नेहमीचा कार्यक्रमच थोडा घाईचा आहे आणि एक दिवस वाढवणे शहाणपणाचे आहे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा गरगरणे असेल, तर लक्षणे जाईपर्यंत वर चढू नये, आणि ती वाढत असतील तर खाली यावे. सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर उजाडण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीला खाली न्यावे. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यायचे असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणी परतले तर त्याच्याबरोबर कोण परतेल, हे घरूनच ठरवून निघावे. जोड्या आधीच लावल्या, की ऐन वेळी परतणाऱ्याला अपराधी वाटत नाही आणि सोबत जाणाऱ्यालाही नाराज होण्याचे कारण उरत नाही. मोठ्या गटाने दोन वाटाडे घ्यावेत, म्हणजे एक जोडी खाली गेली तरी बाकीचे वाटाड्याविना राहत नाहीत. माथा गाठला नसला तरी अमुक वाजता मागे वळायचे, ही वेळही आदल्या रात्री निश्चित करावी.

प्रश्न : बर्फात बोटे बधिर झाली, तर ती चोळावीत की शेकोटीवर धरावीत? थोडी रम घेतल्याने ऊब येते का? (कोल्हापूरचे एक वाचक)

उत्तर : तिन्ही गोष्टी करू नयेत. चोळल्याने गोठलेल्या पेशी आणखी फाटतात आणि बधिर बोटांना चटका कळत नसल्यामुळे शेकोटीवर ती भाजतात. मद्याने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात मात्र शरीराची उष्णता वेगाने बाहेर जाते. बोटे नुसती बधिर असतील, तर ती स्वतःच्या काखेत किंवा सोबत्याच्या पोटाशी धरावीत. त्वचा पांढरट, मेणचट आणि टणक झाली असेल, तर अंगाला सोसेल अशा ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ती बुडवावी. परंतु पुढे ती पुन्हा गोठण्याचा संभव असेल, तर वाटेत न वितळवता, कोरडी गुंडाळून थेट दवाखाना गाठावा. पायांसाठी दोन घट्ट मोजे घालण्यापेक्षा एक जाड लोकरीचा मोजा आणि बुटात बोटे हलतील एवढी जागा अधिक उपयोगाची, कारण आवळलेल्या पायात रक्त पोहोचत नाही. सुती कपडे अंगाशी नकोत. घामाने भिजले की ते वाळत नाहीत. थंडीचा धोका केवळ डिसेंबरमध्येच असतो असेही समजू नये : जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतील सहस्रतालच्या वाटेवर हवामान बिघडून कर्नाटकातून आलेल्या गटातील ९ जणांचा मृत्यू झाला. सोबती अडखळू लागला, शब्द जड येऊ लागले किंवा हातातील वस्तू सुटू लागल्या, तर तो नुसता थकला आहे असे मानून पुढे ढकलू नये; ही शरीर फार गार पडत चालल्याची खूण असते. आडोशाला नेऊन ओले कपडे बदलावेत, स्लीपिंग बॅगेत घालावे आणि गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्यावे.