कंपनीचा निधी आणि स्वतःचे दान

प्रश्न : स. न. वि. वि. मी पीथमपूर येथील एका कंपनीत उपाध्यक्ष असून निवृत्तीला आता फार अवकाश उरलेला नाही. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीचे काम माझ्याकडे असल्यामुळे शहरातील संस्था मला पाहुणा म्हणून बोलावतात. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका न्यासाने आता मला विश्वस्त होण्याची विनंती केली आहे आणि वसतिगृहाच्या नव्या मजल्यासाठी आमच्या कंपनीने निधी द्यावा, अशी त्यांची अपेक्षाही आहे. सौ.चे म्हणणे असे, की हा मान माझा नसून खुर्चीचा आहे. पगारदार अधिकाऱ्याला लोकसेवेत खरोखर काही उभे करता येते, की ते उद्योगपतींनीच करावयाचे काम आहे? — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : वहिनींचे म्हणणे निम्मे खरे आहे, म्हणून त्याचा निकाल आधी लावू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हा पैसा भागधारकांचा, खर्चाचे बंधन कायद्याचे आणि निर्णय संचालक मंडळाचा. आपण त्याची व्यवस्था पाहता, दान करीत नाही. इंदूरकरांना हा भेद नवा वाटू नये. होळकरांच्या राज्यात दौलत (राज्याचा महसूल) आणि खासगी (राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न) ही दोन खाती वेगळी होती आणि अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाट-मंदिरांचा खर्च खासगीच्या उत्पन्नातून झाला, असे इतिहासकार सांगतात. आपली खासगी कोणती, हे आपण ठरवावे; शाल-श्रीफळे कोणत्या खात्यात जमा करावीत, हे मग आपोआप कळेल.

वसतिगृहाच्या विनंतीबाबत माझे मत स्पष्ट आहे. निधी मागणाऱ्या संस्थेचे विश्वस्त आणि त्याच निधीच्या टिपणीवर सही करणारे अधिकारी, अशा दोन्ही भूमिका आपण एकाच वेळी घेऊ नयेत, मग हेतू कितीही निर्मळ असो. विश्वस्तपद स्वीकारावयाचे असेल तर तसे कंपनीला आधी लेखी कळवावे, ती फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावी, चर्चा निघाल्यावर बैठकीतून बाहेर पडावे आणि आपण बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. न्यासालाही हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. संस्था कंपनीने स्वतः स्थापन केलेली नसेल, तर तिला तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-१ ची, म्हणजे सीएसआर कामासाठीची सरकारी नोंदणी लागते; ते नसेल तर आपल्या शब्दाचा काहीही उपयोग होणार नाही, आणि असेल तर आपल्या शब्दाची गरज पडू नये.

आता मुख्य प्रश्न. लीला पूनावाला मालक घराण्यातल्या नव्हेत. फाळणीनंतर सिंधमधून पुण्यास आलेल्या कुटुंबातील या मुलीने १९६७ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, अल्फा लाव्हलमध्ये शिकाऊ अभियंता म्हणून प्रवेश केला आणि त्याच कंपनीच्या भारतातील प्रमुखपदापर्यंत मजल मारली. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे त्यांनी मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारी संस्था उभी केली. ज्या वाटेवरून स्वतः चालल्या, तीच वाट त्यांनी इतर मुलींसाठी रुंद केली; निवड करावी ती अशी.

नंदन निलेकणी यांचे उदाहरण आपल्याला थेट लागू पडणार नाही, कारण ते इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी आहेत. आयआयटी मुंबईला त्यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले, याचीच चर्चा अधिक होते. मला मात्र २००९ हे वर्ष महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी त्यांनी कंपनीतील पद सोडून आधारचे काम करणाऱ्या प्राधिकरणाची सूत्रे हाती घेतली, म्हणजे कंपनीत कमावलेले कसब सरकारी चौकटीत नेऊन वापरले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बेंगळुरू दक्षिणमधून ते पराभूत झाले. लोकसेवेचे प्रत्येक दार एकाच किल्लीने उघडत नाही, एवढे त्यावरून समजावे.

आपल्याकडे कोट्यवधी रुपये नसतील, पण कारखाना चालवण्याची सवय आहे आणि वसतिगृहांना नेमकी तिचीच वानवा असते. नव्या मजल्यासाठी देणगीदार मिळतो, कारण तिथे नावाची पाटी लागते; गळकी टाकी, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, जुनाट वायरिंग यांना कोणी वाली नसतो. मेसच्या कंत्राटाची मुदत केव्हाच संपलेली असते, अग्निशामक सिलिंडरवरची तारीख कोणी वाचत नाही, मुलींची अनामत रक्कम चालू खर्चात मुरून गेलेली असते आणि अधीक्षिका रजेवर गेली की रात्री जबाबदार कोण, हे कागदावर कुठेच नसते. दुरुस्ती निधी वेगळा काढणे, खरेदीसाठी तीन दरपत्रके मागवणे, अनामतीचे स्वतंत्र खाते उघडणे ही कामे आपण कारखान्यात डोळे मिटून करीत असाल. तिथे ती करणारा विश्वस्त विरळाच.

तेव्हा होकार देण्यापूर्वी गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागवावेत आणि एखाद्या संध्याकाळी न कळवता वसतिगृहात जाऊन अधीक्षिकेची परवानगी घेऊन स्वयंपाकघर व आवक-जावक नोंदवही पाहून यावी. हिशेब दाखवण्यास टाळाटाळ झाली, तर नकार नम्रपणे पण लेखी कळवावा. सर्व ठीक दिसले, तर विश्वस्तपदासोबत आपल्या पगारातून दरमहा एक ठरावीक रक्कम द्यावी, आणि तिची वाच्यता कंपनीत करू नये.