आजोबांच्या पेटीत रोमन चांदीचं नाणं मिळालं. पार काळं पडलंय. एका बाजूला माळ घातलेलं डोकं, दुसरीकडे खुर्चीत बसलेली बाई आहे. घरी साफ कसं करू?

करू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका आणि सोनाराकडेही देऊ नका. तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, गंधक लागून काळी पडलेली चांदीच आहे. तो काढलात की नाण्याची कातडी सोलली.

एका बाजूला माळ घातलेलं डोकं, दुसरीकडे खुर्चीत बसलेली बाई, असं तुम्ही लिहिलंय. मग हा बहुधा रोमन सम्राट तिबेरियसचा दिनारियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं, इ. स. १४ ते ३७ मधला. बाईच्या उजव्या हातात लांब दंड, डाव्या हातात फांदी दिसेल. भोवती 'पोन्तिफ माक्सिम', म्हणजे महापुरोहित. ही पदवी बाईची नाही, सम्राटाची. आता भिंग घेऊन खुर्चीचे पाय बघा. काही ठशांत ते साधे सरळ असतात, काहींत नक्षीदार. खाली कधी एकच रेघ, कधी जास्त. ठशांचे प्रकार त्यावरून ठरतात. नाणं घासलं की नक्षीदार पायही साधे दिसू लागतात. म्हणूनच 'चमक आणा, भाव येईल' म्हणणाऱ्या विक्रेत्यांशी माझं कधीच पटलं नाही.

माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. बांबूच्या काडीने माती सोडवा, मग सुती कापडाने टिपा, चोळू नका. जुनी चांदी ठिसूळ असते, फरशीवर पडली तर तुकडा उडतो. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवट चिकट थर धरतो.

खरेपणासाठी ०.०१ ग्रॅमचा काटा लागेल. वजन साधारण ३.६ ते ३.९ ग्रॅम भरावं. मग दोऱ्याने पाण्यात लटकवून पुन्हा तोला. आधीच्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा: १०.३च्या आसपास आलं तर चांदी. ९च्या आसपास आलं तर आत तांबं असण्याचा संशय घ्या. तशी मुलामा दिलेली नाणी रोमन काळातही पाडली जात. कडेला हिरवं दिसलं तर तेच. कडेवर सांध्याची रेघ असेल तर मात्र ओतीव नक्कल. चेहऱ्यावर छिन्नीचा घाव असला तर घाबरू नका, भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर असे घाव दिसतात.

राहता राहिलं विक्रेते या नाण्याला लावतात ते 'येशूने हातात घेतलेलं नाणं' हे लेबल. बायबलमध्ये फक्त सीझरची मुद्रा आणि लेख असलेला दिनारियस आहे, मागच्या बाईचा उल्लेखच नाही. त्या नावाखाली जादा पैसे मागणं मला चुकीचं वाटतं. ती बाई म्हणजे तिबेरियसची आई लिविया, हाही अंदाजच.

आणि हो, नाणं पेटीतलं नसून जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. परदेशात विकायला तर मुळीच पाठवू नका, १९७२च्या पुरावस्तू कायद्याने त्याला बंदी आहे.