आधी जागा विचार

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळ,

‘आठवण सिनॅप्सवर असते की आरएनएमध्ये, एकदा ठरवून सांगा, म्हणजे डिझर्टेशनचा विषय पक्का करते,’ असं तू लिहिलंस. म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावर, की जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूत. मी ठरवून सांगणार नाही. आरएनए सापडला, बरं. कुठे सापडला? हे विचारल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकायचं नाही.

१९८२ साली ओस्वाल्ड स्टीवर्ड आणि विल्यम लेव्ही यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली डेन्ड्राइटवरच्या, म्हणजे चेतापेशीच्या फांदीवरच्या, काट्यांच्या बुडाशी प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे पुंजके दिसले. पेशीत रायबोसोम असतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण केंद्रकापासून इतक्या लांब, नेमके सिनॅप्सच्या पायथ्याशी? सगळी गंमत त्या जागेत आहे, बाळ. एका चेतापेशीवर हजारो सिनॅप्स असतात. त्यांतले मोजकेच बळकट करायचे, तर प्रथिन तिथल्या तिथे बनलेलं बरं. म्हणून प्रथिनाचा आराखडा नेणारा एमआरएनए प्रथिनांत गुंडाळून, गप्प ठेवून, पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून आधीच पाठवलेला असतो. सिनॅप्स जागा झाला की त्यावरून प्रथिन बनू लागतं. १९९६ मध्ये कांग आणि शूमन यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागाच्या कापात सिनॅप्सचा थर पेशीकायांपासून तोडून वेगळा केला. तरीही बीडीएनएफ हे चेतापेशींना पोसणारं प्रथिन दिल्यावर सिनॅप्स बळकट झाले, आणि प्रथिननिर्मिती रोखल्यावर झाले नाहीत. केंद्रकाचा संबंधच उरला नव्हता. हा पुरावा जागेचा आहे.

तू ज्यावर भाळलीस तो २०१८ चा समुद्री गोगलगायीचा प्रयोग मलाही मोलाचा वाटतो. धक्के दिलेल्या प्राण्याचा आरएनए धक्के न बसलेल्या दुसऱ्याला टोचला आणि त्याचीही प्रतिक्षिप्त क्रिया लांबली. पण तो आरएनए मज्जासंस्थेतून सरसकट काढलेला. कुठल्या सिनॅप्सवरचा? त्यातून कळत नाही. मग ‘आरएनए हीच स्मृती’ असं शीर्षक कशाच्या जोरावर देतेस?

शूमन यांच्याच गटाने २०१२ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या सिनॅप्सच्या थरातल्या २,५५० एमआरएनएची यादी दिली. ती पाठ करू नकोस. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींचे कुठले वगळले, रक्तवाहिन्यांचे कुठले, ते वाच. खरी मेहनत तिथे आहे.

मी शिकवत होते तेव्हा अभ्यासक्रमात डेन्ड्राइट म्हणजे नुसती तार होती. मी जादा तास घ्यायचे, पोर्शन मागे पडतो म्हणून वरून बोलणी खायचे. आकृतीतला ठिपका नेमका तिथेच का, हे सांगता आलं नाही तर वही परत द्यायचे. मुलं चिडायची. चिडू देत! आजही परत देईन. स्वतः प्रयोगशाळेत हे पाहायचं राहून गेलं. घर, नोकरी, इथे उपकरण नाही. ते सलतं. म्हणून तर तुझा घाईचा प्रश्न वाचून जीव तुटला.

‘नाशिकमध्ये राहून काय होणार’ हे मला ऐकवू नकोस. छापलेले शोधनिबंध आणि खुला डेटा भरपूर आहे. एकच एमआरएनए घे. आर्क घे. तो उत्तेजित सिनॅप्सपाशी जाऊन साठतो, आणि त्याचं प्रथिन विषाणूसारखं कवच करून तोच एमआरएनए दुसऱ्या पेशीत नेऊ शकतं, हे २०१८ मध्येच दिसलं. प्रत्येक निबंधाला एकच विचार: कुठे?

शनिवारी कॉलेज सुटल्यावर घरी ये. लॅपटॉप नको, कोरा कागद आण. केंद्रक, डेन्ड्राइट, काटा, शेजारची ग्लिया, सगळं मोजमापासह काढायचं. निरोप पुढे नेणाऱ्या अक्षतंतूचं टोकही सोडायचं नाही. तिथेही प्रथिनं बनतात, हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं आहे.

तुझ्या मॅडम